अलार्मचा सेन्सर हलवताना: वायर वाढवा, पण रेझिस्टर मागे ठेवू नका

माझ्या हत्यारांच्या पेटीत वीतभर अलार्म केबलचा एक तुकडा पडून असतो. त्यातून क्लिपचा बारीक खिळा आरपार गेलेला आहे. घरातल्या चोरीच्या अलार्मचा दिवाणखान्यातला सेन्सर काढून पॅसेजच्या कोपऱ्यात नेला, तेव्हा मी आठ मीटर वायर वाढवली होती. जोड नीट होता, सेन्सरचा लाल दिवा लागत होता, पॅनेलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीवर, त्या सेन्सरचा झोन (त्याची ओळ) उघडत-मिटत होता. काम झालं म्हणून शिडी मिटून ठेवली. सहा-सात महिन्यांनी सहज चाचणी घेतली, तर समोरून चालताना सेन्सरचा दिवा पेटतोय आणि पॅनेल मात्र ढिम्म. मधल्या काळात त्याच भिंतीवरून टीव्हीची केबल नेताना मारलेला एक खिळा अलार्मच्या केबलमध्ये घुसला होता आणि आतल्या नेमक्या दोन तारा एकमेकींना टेकल्या होत्या. पॅनेलच्या लेखी सगळं आलबेल. कारण वायरीतला बिघाड पॅनेलला कळावा म्हणून लावलेले रेझिस्टर (छोटे रोध) मी जुन्या जागेवर, जोडाच्या डबीतच ठेवून दिले होते.

म्हणजे इतके महिने तो सेन्सर नुसता भिंतीवर लटकत होता आणि मी निर्धास्त झोपत होतो.

काम तसं अवघड नाही. स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल आणि मल्टिमीटर हाताळता येत असेल तर अर्ध्या दिवसात उरकतं. पण माणूस दिसल्यावर अलार्म वाजतो, एवढं बघून काम संपत नाही. वायर तुटली, वायरी एकमेकींना चिकटल्या, सेन्सरचं झाकण कुणी उघडलं, तरी पॅनेलला कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहिलंय. विषय वायरवाल्या सेन्सरचा आहे, म्हणजे कोपऱ्यात बसणारा, हालचाल टिपणारा पीआयआर. वायरलेस असेल तर दोन स्क्रू आणि सिग्नलची चाचणी, एवढंच काम. त्यासाठी लेख नको.

आधी जागा पक्की करा

सेन्सर हलवायची गरज बहुतेक वेळा दोन कारणांनी पडते. एक तर खोलीची रचना बदलते: नवी भिंत, नवं कपाट, जुन्या दाराच्या जागी दुसरं दार. नाहीतर सेन्सर उगाच बोंबलतो. दुसरं कारण असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी सेन्सर उघडून बघा. मागच्या भोकातून मुंगी किंवा बारीक कोळी आत शिरला आणि उष्णता टिपणाऱ्या घटकाच्या इवल्याशा खिडकीवरून चालला, की सेन्सरला तो माणसाएवढा वाटतो. किडे साफ केले, भोक सिलिकॉननं बुजवलं, की पुष्कळदा हलवायची गरजच उरत नाही.

पीआयआर काय बघतो हे लक्षात घेतलं की जागा निवडणं सोपं जातं. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांच्या पट्ट्यात असते. सेन्सरच्या पुढची प्लास्टिकची खाचाखाचांची भिंग खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या घटकावर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो, आणि तो फरक म्हणजे अलार्म. म्हणून सेन्सरच्या समोरून आडवं चाललेला माणूस लगेच टिपला जातो आणि थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. दाराच्या बरोबर समोर, दाराकडे तोंड करून बसवलेला सेन्सर दिसायला रुबाबदार असतो, पण चोर थेट त्याच्या दिशेनं येतो. दाराच्या बाजूच्या भिंतीचा कोपरा धरा, म्हणजे आत येणाऱ्याला पट्टे कापतच यावं लागेल.

साधी काच या किरणांना भिंतीसारखी असते. काचेच्या दारामागे उभे राहून हात हलवा, सेन्सरला पत्ता लागणार नाही. काचेच्या पार्टिशनपलीकडची जागा सांभाळायला अलीकडे सेन्सर लावण्यात म्हणूनच अर्थ नाही. पण काच आहे म्हणून खिडकीकडे तोंड करून बसवू नका. खिडकीतून आलेल्या उन्हानं फरशी, पडदा, कधी सेन्सरचं भिंगही तापतं. ढग आला-गेला की तो फरक सेन्सरला जाणवतो. हीटर, एसीचा झोत, हलणारे पडदे, स्वयंपाकघरातली वाफ यांच्यापासूनही दूर.

उंची बहुतेक सेन्सरना २.१ ते २.४ मीटर लागते, आणि नेमका आकडा सोबतच्या कागदावर असतो. भिंगाचे पट्टे त्या उंचीसाठीच आखलेले असतात. छताला टेकवून बसवलात तर जवळचा भाग सुटतो. सेन्सर तिरका बसवायचा मोहही आवरा. थोडा खाली झुकवला की लांबचा पल्ला एकदम आखडतो.

आता माझी एक सवय सांगतो. भोक पाडण्याआधी मी सेन्सर घोड्यावर, म्हणजे दुपाखी शिडीवर, ठरलेल्या उंचीला चिकटपट्टीनं बांधतो आणि जुन्या राउटरच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवतो. प्लस-मायनस मल्टिमीटरनं तपासून मगच जोडायचं. मिनिटभर त्याला स्थिरावू द्यायचं आणि मग खोलीभर फिरून दिवा कुठे पेटतो, कुठे नाही ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. भिंतीत चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवायला त्याहून जास्त वेळ लागतो. घरात मांजर-कुत्रा असेल तर त्यालाही एक फेरी मारू द्या.

जुनी वायर काय सांगते

सेन्सरचं झाकण उघडलं की आत पट्टीवर स्क्रू दिसतात. दोन वीजपुरवठ्याचे, प्लस आणि मायनस. दोन अलार्मच्या संपर्काचे, बहुधा एनसी असं लिहिलेले. म्हणजे सगळं शांत असताना हा संपर्क जोडलेला असतो आणि हालचाल दिसली की सुटतो. दोन टँपरचे, म्हणजे छेडछाड ओळखणाऱ्या स्विचचे, झाकण बसलेलं असताना जोडलेले, झाकण निघालं की सुटलेले. कधी एक जास्तीचा रिकामा स्क्रू असतो, रेझिस्टर अडकवायला.

झाकण उघडण्याआधी मात्र पॅनेल इंजिनिअर मोडमध्ये, म्हणजे सायरन न वाजवणाऱ्या दुरुस्तीच्या स्थितीत, टाकलेलं हवं, नाहीतर टँपर सुटून सायरन शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करेल. त्यासाठी इंजिनिअर कोड लागतो. कोड अलार्म बसवणाऱ्यांकडे असेल तर आधी तो मिळवा. अंदाजानं आकडे दाबत बसू नका. घराचा अलार्म एखाद्या निगराणी केंद्राला जोडलेला असेल तर त्यांना फोन करून खातं चाचणीवर टाकायला सांगा. विम्याच्या अटीत अलार्मची देखभाल ठरावीक लोकांकडूनच हवी असं असेल, तर हा लेख वाचून काम त्यांच्याकडेच सोपवा.

आता आतले रंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि शिवाय कागदावर लिहा. फोटोत पिवळा आणि पांढरा दिव्याखाली सारखेच दिसतात, हे मी एकदा भोगलंय. लाल-काळा वीजपुरवठ्याला वापरायची पद्धत आहे, बाकीच्या रंगांना कसलाच नियम नाही. बसवणाऱ्याच्या मनात आलं तो रंग.

मग रेझिस्टर शोधा. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, रंगीत पट्ट्यांचे. तीन शक्यता असतात.

रेझिस्टर अजिबात नाहीत, अलार्मची एक जोडी आणि टँपरची दुसरी जोडी वेगवेगळी पॅनेलपर्यंत गेलीय: ही जुनी साधी पद्धत. यात सेन्सरला सहा तारा लागतात.

एकच रेझिस्टर, वायरीच्या शेवटी: याला ईओएल (एंड ऑफ लाइन) म्हणतात. पॅनेल ठरावीक ओहम मोजतं. वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य येतं आणि त्याला कळतं.

दोन रेझिस्टर: ही दुहेरी ईओएल पद्धत. एक रेझिस्टर मालिकेत, दुसरा अलार्मच्या संपर्काला समांतर, आणि टँपरचा संपर्क त्याच साखळीत. दोन्ही रेझिस्टर १ किलोओहमचे धरले तर शांत असताना पॅनेलला १००० ओहम दिसतात. हालचाल झाली की संपर्क सुटतो, दुसरा रेझिस्टर हिशोबात येतो आणि २००० दिसतात. वायर तुटली किंवा झाकण उघडलं तर अनंत. वायरी चिकटल्या तर शून्य. दोन तारांवर चार बातम्या! म्हणून अशा सेन्सरला चारच तारा पुरतात.

रेझिस्टरची किंमत, म्हणजे किती ओहम, हे पॅनेलच्या कंपनीवर असतं. गॅलक्सीच्या पॅनेलना १ किलोओहम लागतो, डीएससीला ५.६ किलोओहम; इतरांचे आकडे वेगळे. जुने काढून तेच नव्या जागी लावलेत तर प्रश्नच नाही. पट्ट्या वाचायच्या तर तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७, हिरवा-निळा-लाल म्हणजे ५.६. तपकिरी आणि लाल यांच्यात डोळा फसतो, तेव्हा एक पाय मोकळा करून मल्टिमीटरनंच मोजा.

आता माझी चूक उलगडून सांगता येते. दोन्ही रेझिस्टर मी जुन्या जागच्या डबीत ठेवले आणि डबीपासून सेन्सरपर्यंत अलार्मची जोडी आणि टँपरची जोडी अशा साध्या तारा नेल्या. काम चाललं, कारण सर्किट तेच होतं. पण पॅनेलची नजर रेझिस्टरपर्यंतच पोचते. त्याच्या पुढच्या आठ मीटरमध्ये अलार्मच्या दोन तारा खिळ्यानं चिकटल्या, तर तो संपर्क कायमचा जोडलेला, म्हणजे कायमचं ‘शांत’. सेन्सर बिचारा आत टिकटिक करत राहतो, ऐकणारा कुणी नाही. रेझिस्टर सेन्सरच्या पोटात असते तर त्याच खिळ्यानं पॅनेलला शून्य दाखवलं असतं आणि त्याच मिनिटाला टँपर वाजला असता.

वायर वाढवायची की नवीच ओढायची

पॅनेलपासून नव्या जागेपर्यंत अखंड केबल ओढता येत असेल तर तीच ओढा. जोड हा कितीही चांगला केला तरी जोडच. जुनी केबल पाइपात मोकळी असेल तर तिलाच नवी केबल आणि एक मजबूत दोरी बांधून ओढून घेता येते. दोरी आतच राहू द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडते. पण बहुतेक घरांत जुनी केबल भिंतीत गच्च असते, म्हणून वाढवण्याची वेळ येते.

केबल अलार्मचीच घ्या, तारांच्या संख्येत जुन्याएवढी किंवा जास्त. चारच्या जागी सहा तारांची घेतली तर दोन शिल्लक राहतात आणि एखादी तुटली तर जीव वाचतो. नेहमीची अलार्म केबल ७/०.२ असते, म्हणजे ०.२ मिलिमीटरचे सात केस मिळून एक तार, क्षेत्रफळ ०.२२ चौरस मिलिमीटर. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम. दहा मीटर वाढवलंत तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे १.६ ओहम. सेन्सर १५ मिलिअँपिअर घेतो असं धरलं तर व्होल्टेजची घट व्होल्टच्या शंभराव्या हिश्शात. विसरून जा. हाच हिशोब सायरनसाठी करायला गेलात तर चित्र बदलतं: ३०० मिलिअँपिअर आणि वीस मीटर वाढीव केबल म्हटली की जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो.

तांबं खरं आहे का तेही बघा. एका केसावर ब्लेड घासा. आत लालसर दिसलं तर तांबं. पांढरं निघालं तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते दोन-चारदा वाकवलं की तुटतं आणि सोल्डरही धड धरत नाही. नेटवर्कची केबल वापरणारे बरेच आहेत, चालतेही. मला तिची एकसंध तार स्क्रूखाली खाच पडून तुटते याचा अनुभव आहे, म्हणून मी टाळतो.

वीज कशी बंद करायची

पॅनेलच्या पेटीत एका कोपऱ्यात मेन्सची लाइन येते, तिथे हात लागला तर खेळ खलास. म्हणून पॅनेल इंजिनिअर मोडमध्ये टाकल्यावर पहिलं काम, त्याची मेन्स स्विचबोर्डवरून किंवा एमसीबीवरून बंद करणं आणि टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरनं ती खरंच गेलीय का हे बघणं.

बॅटरी मात्र मी काढत नाही. बाहेरच्या सायरनमध्ये बहुधा स्वतःची बॅटरी असते आणि पॅनेलकडून येणारा पुरवठा तुटला की तो आपणहून वाजू लागतो. चोरानं वायर कापली तर वाजावा म्हणून केलेली ती सोय. पॅनेल बॅटरीवर चालू राहिलं तर सायरन गप्प बसतो. ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी घरगुती पॅनेल कित्येक तास ओढते, तेवढ्यात आपलं काम होतं. पॅनेलवर मेन्स गेल्याची सूचना दिसेल, दिसू द्या.

आता पॅनेलमधल्या, सेन्सरना पुरवठा देणाऱ्या, ऑक्स किंवा १२ व्होल्ट लिहिलेल्या स्क्रूखालून फक्त या सेन्सरची प्लस तार काढा आणि टोकाला टेप गुंडाळा. एकाच स्क्रूखाली तीन-चार लाल तारा असतात. आपली कोणती ते केबलच्या सालीवरून माग काढत ठरवा, रंगावरून नाही. ही तार काढली नाही तर जोड करताना लाल-काळा एकमेकांना टेकून पॅनेलचा फ्यूज उडतो, आणि मग घरातले सगळे सेन्सर एकदम मरतात.

केबल नेणं

विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एकाच पाइपातून विजेची वायर आणि अलार्मची केबल नेणं तर अजिबात नको: त्रास सिग्नलचा आहेच, पण उद्या साल घासली गेली तर मेन्स पॅनेलमध्ये शिरेल.

भिंतीला भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते दोनदा बघा. स्विचच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नका. केबलला ६ मिलिमीटरचा बिट पुरतो. बाहेरच्या भिंतीतून जायचं असेल तर भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भिंतीवरून उघडी न्यायची तर पट्टीतून न्या, नाहीतर साधारण ३० सेंटिमीटरवर एक क्लिप. क्लिप केबलच्या मापाचीच घ्या आणि खिळा टेकला की थांबा. शेवटचा एक ठोका जास्त मारायची हौस केबलला महागात पडते.

जोड

जुन्या सेन्सरची जागा हीच जोडाची जागा. तिथे टँपर असलेली जंक्शन डबी बसवा, म्हणजे डबीचं झाकण उघडलं तरी पॅनेलला कळेल. डबीचा टँपर सेन्सरच्या टँपरबरोबर मालिकेत, म्हणजे एकाच साखळीत ओवायचा. दुहेरी ईओएलमध्ये तो त्याच दोन तारांपैकी एकीच्या वाटेत बसतो. जोड गिलाव्याखाली पुरू नका. उद्या खराब झाला तर भिंत फोडणार का?

मी सोल्डर करतो. बाहेरची साल आठ-दहा सेंटिमीटर सोलायची. जुन्या तारांची टोकं काळवंडलेली असतील तर तेवढी कापून टाकायची. काळ्या तांब्यावर सोल्डर मणी होऊन घरंगळतं. जोड एकाच ठिकाणी न करता प्रत्येक तारेचा दोन सेंटिमीटर पुढे-मागे, म्हणजे एखादी स्लीव्ह सरकली तरी दोन उघडे जोड समोरासमोर येत नाहीत. हीट श्रिंक स्लीव्ह आधी तारेत ओवून लांब सरकवून ठेवायची. हे वाक्य प्रत्येक जण वाचतो आणि पहिल्या जोडाला प्रत्येक जण विसरतो. तारा समोरासमोर धरून पीळ द्यायचा, गरम टोक खालून लावायचं आणि सोल्डर वरून तारेवर टेकवायचं. गन गरम करते तार आणि तार वितळवते सोल्डर. जोड चकचकीत दिसला पाहिजे. सात केसांची तार क्षणात तापते, जास्त वेळ धरलं तर साल आक्रसून मागे जाते. गार झाल्यावर हलका ओढून बघायचा, मग स्लीव्ह सरकवून गरम करायची.

सोल्डर जमत नसेल तर डबीतले स्क्रू टर्मिनल वापरा. तारेचं टोक दुमडून दुहेरी करा, नाहीतर स्क्रू बारीक केसांना बगल देतो. नुसता पीळ आणि वरून टेप, हा जोड नव्हे. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद वितळतो, पिळात गंज चढतो आणि रात्री-बेरात्री कारणाशिवाय वाजणारे अलार्म सुरू होतात.

सेन्सर बसवणं

मागचा भाग लेव्हलमध्ये धरून खुणा करा, भोकं पाडा, गिट्ट्या ठोका. केबल आत दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्या. सालीसकट आत येऊ द्या आणि आतली जास्तीची तार सर्किटच्या मागे गुंडाळा, पुढच्या घटकासमोर नाही. घटकाच्या त्या छोट्या चौकोनी खिडकीला बोट लावू नका, तेलकट डाग पडतो. आत आलेल्या केबलभोवतीचं भोक सिलिकॉननं बुजवा.

वीजपुरवठ्याला प्लस-मायनस पाळा. अलार्म आणि टँपरच्या स्क्रूंना उलट-सुलट नसतं. रेझिस्टर आता इथे, सेन्सरच्या पोटात. पायांवर बारीक स्लीव्ह घाला, म्हणजे ते सर्किटला टेकणार नाहीत. एका स्क्रूखाली रेझिस्टरचा पाय आणि तार दोन्ही येतात तेव्हा आवळल्यावर दोन्ही वेगवेगळे ओढून बघा. बहुतेक वेळा एकच धरलेलं असतं.

पॅनेलला जोडण्याआधी मोजा

घाई इथेच नडते. पॅनेलवरून झोनच्या दोन्ही तारा मोकळ्या करा, ऑक्सची लाल तार परत जोडून सेन्सर चालू करा आणि मिनिटभर थांबा. पुरवठा नसेल तर सेन्सरचा संपर्क सुटलेलाच राहतो आणि तुम्ही उगाच चूक शोधत बसता. सेन्सरच्या स्क्रूंवर १२ व्होल्टच्या आसपास मिळतात का बघा. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून झोनच्या मोकळ्या तारांवर लावा. १ किलोओहमची जोडी असेल तर कुणी हलत नसताना १००० आणि वर दोन-चार ओहम तारेचे. दुसऱ्या माणसाला खोलीत फिरू द्या, २००० झाले पाहिजेत. सेन्सरचं झाकण काढायला सांगा, वाचन अनंत. डबीचं झाकण काढा, पुन्हा अनंत. शेवटी सेन्सरच्या आत येणाऱ्या दोन झोन तारा तिथल्या तिथे वायरच्या तुकड्यानं जोडून बघा, वाचन शून्याजवळ आलं पाहिजे. ते न येता १००० वरच राहिलं, तर रेझिस्टर मागेच कुठेतरी राहिलेत. ही शेवटची चाचणी मी त्या खिळ्याआधी कधी केली नव्हती.

साध्या रेझिस्टर नसलेल्या पद्धतीत अलार्मच्या जोडीवर शांत असताना दोन-चार ओहम आणि हालचालीला अनंत, टँपरच्या जोडीवर झाकण बसलेलं असताना दोन-चार ओहम. तिथे अलार्मच्या तारा चिकटल्या तर पॅनेलला कधीच कळत नाही. पॅनेल ईओएल चालवू शकत असेल तर हलवताना सेन्सरला रेझिस्टर लावून तो झोन बदलून घेणं शहाणपणाचं.

आकडे जमले की तारा पॅनेलला लावा, मेन्स चालू करा आणि वॉक टेस्ट, म्हणजे चालून बघायची चाचणी, घ्या. दर वेळी खोलीत येऊन दहा सेकंद थिजून उभे राहा, मग चाला, आणि लक्ष सेन्सरच्या दिव्यावर नाही तर पॅनेलच्या आवाजावर ठेवा. दिवा सेन्सरचा स्वतःचा असतो. पॅनेलला कळलं की नाही हे तो सांगत नाही. मेन्स पुन्हा बंद करून बॅटरीवरही एक फेरी मारा.

काही अडलंच तर: दिवा लागत नाही, व्होल्टही नाहीत, तर प्लस-मायनस आणि पॅनेलचा फ्यूज बघा. झोन कायम उघडा दाखवतो, तर तार चुकीच्या स्क्रूखाली आहे किंवा जोड सुटलाय. टँपर मिटत नाही, तर बहुधा आत दाटलेली केबल झाकणाला पूर्ण बसू देत नाही. झोन अधूनमधून फडफडतो, तर मीटर लावून जोड एकेक करून हलवा. आकडा थरथरला की तोच गुन्हेगार.

पुष्कळ पॅनेलमध्ये एखादा झोन ‘सोक टेस्ट’वर टाकायची सोय असते. त्यात तो झोन सायरन न वाजवता फक्त नोंद ठेवतो. हलवलेला सेन्सर आठवडाभर त्यावर ठेवा आणि रोज नोंद वाचा. तेवढे दिवस ती खोली पहाऱ्याविना आहे हे लक्षात असू द्या. त्या आठवड्यात पहाटे तीनला एखादी नोंद दिसली तर भुतं शोधण्याआधी एसी, पडदा आणि मांजर यांची चौकशी करा. नव्या वायरिंगचा रंगांसकट कागद पॅनेलच्या झाकणाच्या आत चिकटवा, त्यात डबी नेमकी कुठे आहे तेही लिहा, आणि त्या भिंतीवर पुढे कुणी खिळा ठोकायला निघालं तर त्याला तो कागद दाखवा.